ठिपकेवाली आणि बाबांचा टब

प्रयोगशाळेत तिला सगळे ठिपकेवाली म्हणत. हे नाव ठेवणाऱ्याला तिने कधी माफ केलं नाही, कारण ते तिला अगदी चपखल बसलं होतं. ठिपके शोधणं हेच तिचं काम, आणि सवय अशी जडलेली की समोरचा माणूस काय बोलतोय यापेक्षा त्याच्या बाहीवर शाईचा डाग कुठे पडलाय ते तिला आधी दिसे. नवऱ्याने नवा शर्ट घालून मोठ्या हौसेने "कसा दिसतो?" विचारावं, आणि हिने म्हणावं, "कॉलरच्या खाली, डावीकडे." बिचारा आरशाकडे धावे. डाग असायचाच.

तिचे ठिपके मात्र शर्टावरचे नव्हते, माशांच्या रक्तातले होते. माशाच्या शेपटीजवळून बारीक सुईने रक्ताचा थेंब काढायचा, काचेच्या पट्टीवर एका फटक्यात पसरवायचा, वाळवायचा, जांभळ्या रंगात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. माशाची लाल पेशी लांबट गोल असते आणि तिच्या मधोमध जांभळं केंद्रक असतं. माणसाच्या लाल पेशीत ते नसतं, म्हणजे या एका बाबतीत मासे आपल्यापेक्षा श्रीमंत. पाण्यात शिसं, क्रोमियम, कॅडमियम असले जड धातू मिसळले की पेशी दुभंगताना गडबड होते. केंद्रकातल्या जनुकांच्या धाग्याचा एखादा तुकडा मागे राहून जातो आणि शेजारी एकटाच गोल होऊन बसतो. तोच ठिपका. मासा वरून धडधाकट दिसत असतो, पोहत असतो, खात असतो, पण आतमध्ये मोडतोड सुरू झाली आहे हे तो ठिपका सांगतो.

सांगतो म्हणजे ज्याला दिसतो त्याला सांगतो. रंगाचा कण, धूळ, काचेवरचा ओरखडा, सगळी सोंगं ठिपक्यासारखीच. नव्या मुली पहिल्या आठवड्यात धुळीला ठिपका म्हणत आणि दुसऱ्या आठवड्यात ठिपक्याला धूळ. ठिपकेवाली मात्र डोळ्याला भिंग लावून बसली आणि डाव्या हातातलं मोजणीचं खटक्याचं यंत्र खट् वाजलं, की तो ठिपकाच असे. कित्येक वर्षांत कुणी तिच्या मोजणीवर बोट ठेवलं नव्हतं.

या कामाचा एक नियम होता आणि तो सगळ्यांनी सोवळ्यासारखा पाळलेला. मोजणाऱ्याला मासा कुठला ते कळता कामा नये. घाणेरड्या पाण्यातला मासा आहे असं आधी कळलं की डोळा आपल्या मनाने ठिपके शोधू लागतो, आणि स्वच्छ पाण्यातला म्हटलं की डोळा उदार होतो. म्हणून भांडारातला माणूस प्रत्येक काचपट्टीवरच्या नावावर कागदाची चिठ्ठी चिकटवी आणि वर नुसता आकडा टाकी. कुठला आकडा कुठल्या माशाचा हे एकट्या त्याला ठाऊक. त्याचं नाव अर्थातच चिठ्ठीवाला. एकदा मोठ्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनीच, घाईत विचारलं तर हा पोटावर हात फिरवून म्हणाला, "मॅडम, सगळं इथं आहे, आणि जेवल्याशिवाय बाहेर येत नाही." मॅडम हसल्या आणि त्याचं काही वाकडं झालं नाही. चांगल्या कचेऱ्या अशाच चालतात.

त्या वर्षी पाण्याच्या खात्याने नदी तपासायला दिली होती. नदीकाठी भांड्यांना आणि नळांना चकाकी देणारा, धातूचा मुलामा चढवणारा कारखाना होता. त्याचं पाणी जिथे नदीत उतरे, तिथून खाली राहणाऱ्या लोकांची तक्रार होती. कारखान्याचं म्हणणं, आमचं पाणी तुमच्या तोंडापेक्षा स्वच्छ आहे. खरं खोटं माशांनी सांगायचं होतं. नदीतले मासे एका बाजूला, आणि तुलनेला स्वच्छ पाण्यात पाळलेले मासे दुसऱ्या बाजूला.

आणि नेमक्या त्या वेळी स्वच्छ माशांची काचेची टाकी तडकली.

नवी टाकी मागवायची तर महिनाभर वाट बघा. ठिपकेवालीने हे घरी बोलता बोलता सांगितलं आणि कोपऱ्यात बसलेल्या तिच्या वडिलांनी कान टवकारले. वडील पत्र्याचं काम करणारे. बादल्या, पिंपं, नळकांडी, छपराच्या पन्हळी, उभा जन्म पत्रा कापण्यात, वाकवण्यात आणि शिसं वितळवून सांध्यांना डाख देण्यात गेला. दुकान बंद करून मुलीकडे राहायला आल्यापासून हातांना काम नव्हतं, आणि काम नसलेल्या हातांनी त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या इतक्या वेळा घट्ट केल्या होत्या की आता दारं उघडत नव्हती.

"केवढी टाकी?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही आता कशाला..."

"केवढी, ते सांग."

चार दिवस अंगणात ठोकाठोक चालली. शेजारी कावले, जावई कानात कापूस घालून कामाला गेला. जावई चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा, त्यामुळे कापसाने त्याचं काही अडत नव्हतं. पाचव्या दिवशी टब उभा राहिला. नव्याकोऱ्या जस्ती पत्र्याचा, कडा गोल वळवलेल्या, सांधे असे की नख अडकू नये. आत पाणी भरून बाबांनी रात्रभर ठेवलं आणि सकाळी खालची फरशी हाताने चाचपून पाहिली. कोरडी ठणठणीत. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी जे हसू आलं ते बघून ठिपकेवालीने दुसरं काही बघितलंच नाही. इथेच घोटाळा झाला, पण तो कळायला अजून अवकाश होता.

टब प्रयोगशाळेत आला तेव्हा वाजतगाजत आला नाही एवढंच. मोठ्या मॅडमनी त्यावरून हात फिरवून "वा!" म्हटलं. चिठ्ठीवाल्याने टिचकी वाजवून आवाज ऐकला आणि खरेदी करणार असल्यासारखी मान डोलावली. नव्या मुलींनी त्यात आपले चेहरे पाहून केस सारखे केले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत धातूंच्या नावाने खडे फोडणारी ती सगळी शहाणी माणसं, धातू पाण्यात कसा उतरतो यावर तासतासभर बोलणारी, त्या टबाभोवती कौतुकाने उभी राहिली आणि त्यांनी त्यात मासे सोडले. एकाच्याही डोक्यात ट्यूब पेटली नाही. कुणाच्या बापाने प्रेमाने केलेली वस्तू दिसली की विद्या थोडा वेळ बाजूला बसते, ती अशी.

बाबा अधूनमधून येऊन डोकावून जात. "भाडेकरू कसे आहेत?" असं विचारत.

"मजेत आहेत, बाबा."

"गळत नाही ना?"

"थेंब नाही."

मग ते टबाच्या कडेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहत आणि तृप्त होऊन घरी जात. घरी गेल्यावर बिजागऱ्यांना हात लावत नसत. दारं पुन्हा उघडू लागली होती.

ठरलेल्या मुदतीनंतर रक्त काढलं, काचपट्ट्या रंगवल्या, चिठ्ठीवाल्याने चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ठिपकेवाली खुर्चीवर बसली. खट्. पुढची पेशी. पुढची. खट्, खट्. पट्टीमागून पट्टी गेली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. एरवी काही पट्ट्या गप्प असत आणि काही बडबड्या. या वेळी सगळ्याच बडबड करत होत्या.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा मॅडमनी आकडे दोनदा ताडून पाहिले. नदीतल्या माशांत ठिपके होते, आणि स्वच्छ माशांतही जवळपास तितकेच. हे कागदावर गेलं असतं तर त्याचा अर्थ एकच निघाला असता, की नदीचं पाणी स्वच्छ पाण्याइतकंच चांगलं आहे. कारखान्याने तो कागद चौकट करून दारात लावला असता.

मॅडम म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. डोळे कधी तपासले होते?"

ठिपकेवालीचा हात नकळत चष्म्याकडे गेला. मॅडमचं चुकलं नव्हतं. नियमाने चालायचं तर आधी मोजणाऱ्यावरच संशय घ्यायचा असतो. "पट्ट्या मी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवते," मॅडम म्हणाल्या. "तिथल्या बाई पुन्हा मोजतील. तोवर तुम्ही खुर्चीवर बसू नका." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिची मोजणी दुसऱ्याच्या डोळ्याखालून जाणार होती.

घरी हे ऐकून सगळ्यात जास्त भडकला तो नवरा. बायकोच्या अपमानापेक्षा तिचा चष्मा त्याने स्वतः घासून बसवलेला होता, हे त्याला जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तिला खुर्चीत बसवून त्याने अक्षरांचा तक्ता लावला. तिने शेवटची ओळ वाचली. मग तक्त्याच्या खाली छापखान्याचं नाव बारीक अक्षरांत होतं, तेही वाचलं.

"हे मला नाही दिसत!" नवरा म्हणाला. "तुझ्या मॅडमना म्हणावं, तुम्ही या."

तो हसत होता आणि तिला मात्र हसू येईना. डोळे ठीक होते, म्हणजे मोजणीही ठीक होती. मग ठिपके खरे होते. स्वच्छ पाण्यातल्या माशांना ठिपके कशाने आले?

त्या दुपारी खुर्ची नाही म्हणून ती माशांना खाणं टाकायला गेली. मासे नेहमीसारखे वर धावून आले नाहीत, तळाशीच रेंगाळले. पाणी थोडं उतरलं होतं, आणि जिथपर्यंत आधी पाणी होतं तिथे पत्र्यावर एक पांढरी रेघ उमटली होती. तिने बोट फिरवलं. बोटाला पिठासारखं पांढरं लागलं. असलं पांढरं तिने नळांच्या जुन्या जोडांवर पाहिलं होतं, बाटल्यांच्या लेबलांवर त्याचं नाव आपल्या हाताने लिहिलं होतं. जस्त.

ती आधी हसली. मोठ्याने हसली, एकटीच. आणि मग टबाच्या कडेवर डोकं टेकून रडली, कारण ती कड बाबांनी वळवलेली होती आणि कुठेही बोचत नव्हती.

दोन वाटा होत्या आणि दोन्ही तिला स्वच्छ दिसत होत्या. ती गप्प बसली असती तर बाहेरच्या बाईंनी तितकेच ठिपके मोजले असते, तिची खुर्ची परत मिळाली असती आणि बाबांचा टब जागच्या जागी राहिला असता. फक्त नदीकाठच्या माणसांना कुणीतरी सांगितलं असतं की प्या, पाणी चांगलं आहे. बोलली तर टब जाणार होता. एक महिना ज्याने म्हाताऱ्याला माणसात ठेवलं होतं, तो टब. तिने बाटलीत टबातलं पाणी भरलं, चिठ्ठीवाल्याकडून वर आकडा टाकून घेतला आणि बाटली तपासायला दिली. त्याने डोळे बारीक करून विचारलं, "ताई, कुठलं पाणी?"

"पोटात आहे," ती म्हणाली.

निकाल आला. जस्त भरपूर, आणि डाखातलं शिसंही थोडंसं. मॅडमनी तो वाचला, टबाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आपण सगळे!" त्या म्हणाल्या. "मी तर हात फिरवला होता यावरून!" मग त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी काचेची टाकी कुठूनतरी उसनी मिळवली, नवे मासे आणले, बाहेरच्या पट्ट्या परत मागवल्या, आणि ठिपकेवालीला खुर्चीवर बसवून म्हणाल्या, "डोळ्यांबद्दल बोलले ते मागे घेते." एवढ्या मोठ्या बाईने एवढ्या सरळ शब्दांत माफी मागावी याचा ठिपकेवालीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तिचं लक्ष नव्हतं. बाबांनी टबासाठी जाळीचं झाकण करायला घेतलं होतं. मासे उडी मारतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"थाप मार," नवऱ्याने सल्ला दिला. "मासे मोठे झाले, आता टब पुरत नाही म्हणून सांग."

तिने तीच थाप घोकून ठेवली. बाबा झाकण काखेत मारून प्रयोगशाळेत आले, टबात मासे नाहीत असं पाहिलं आणि म्हणाले, "भाडेकरू कुठे गेले?" तिने तोंड उघडलं आणि थाप काही बाहेर येईना. जन्मभर खोट्या ठिपक्यांना ठिपका म्हटलं नव्हतं, ती सवय आडवी आली.

"बाबा, टबाच्या जस्ताने मासे बिघडले."

त्यांनी काखेतलं झाकण खाली ठेवलं. "किती मेले?"

"मेला एकही नाही."

"मग बिघडले कसे?"

तिने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक डोळा मिटायला त्यांना जमेना, तेव्हा तिने आपल्या हाताने तो झाकला. हळूहळू त्यांना लांबट पेशी दिसल्या, जांभळी केंद्रकं दिसली, आणि मग तिने सुईच्या टोकाने दाखवलेला एक ठिपका दिसला. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे मी केलं?"

"जस्ताने केलं. आणि टब आणला मी. इथे सगळ्यांनी पाहिला, कुणाच्याच लक्षात आलं नाही, बाबा."

ते भिंगापासून बाजूला झाले. झाकण मांडीवर घेऊन जाळीवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "मासे महिनाभरच राहिले ना त्यात? मी तर जन्मभर राहिलो. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून डाखाची तार दातांत धरायचो. तुझी आई ओरडायची." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माझं बघ."

"बाबा, माणसाच्या लाल पेशीत..."

"दुसरं काहीतरी असेल. तू शिकलीस ना एवढं? बघ."

दुसरं होतं. गालाच्या आतून लाकडी पट्टीने हलकेच खरवडलं की ज्या पेशी निघतात त्यांत हे ठिपके दिसतात. तिला ते ठाऊक होतं आणि कधी करावं लागू नये असं मनापासून वाटत होतं. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम बाबांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "काका, यात आजार कळत नाही. चार ठिपके सगळ्यांच्यात असतात. डॉक्टरांकडे जावं लागेल ते वेगळंच, आणि ते मी तुम्हाला पाठवणारच आहे. तरी बघायचंय?"

"बघायचंय."

तेव्हा चिठ्ठीवाला खाकरला. "एकट्याची पट्टी असेल तर माझ्या चिठ्ठीला काय अर्थ? ताईंना कळणारच की कुणाची आहे." असं म्हणून त्याने आपलं तोंड आ केलं.

खरं होतं. मग मॅडमनी तोंड उघडलं. नव्या मुलींनी एकमेकींना ढकलत उघडलं. सासऱ्यांना घरी न्यायला आलेला नवरा दारातच पकडला गेला, आणि "मी काय केलं?" म्हणेपर्यंत त्याचाही गाल खरवडून झाला होता. ती गंभीर खोली घटकाभर लहान मुलांच्या दवाखान्यासारखी दिसत होती. बाबांनी सगळ्यात शेवटी तोंड उघडलं. त्यांचे पुढचे दोन दात तार धरून धरून झिजलेले होते. ते ती लहानपणापासून बघत आली होती आणि आज पहिल्यांदा बघत होती.

पट्ट्या रंगल्या, चिठ्ठ्या चिकटल्या. ठिपकेवाली बसली. प्रत्येक पट्टी भिंगाखाली घेताना तिला वाटे, हीच बाबांची. बहुतेक पट्ट्या गप्प होत्या. मग एक आली, ती गप्प नव्हती. नदीतल्या माशांइतकी बडबडी नव्हती, पण बोलत होती. तिचा अंगठा खटक्यावर थांबला. धूळ म्हणता आली असती. रंगाचा कण म्हणता आला असता. तिला इतक्या वर्षांत कधी नव्हे ते ठिपका आणि धूळ यांतला फरक नकोसा झाला. मग तिने मान सरळ केली आणि खटका दाबला, आणि पुढचा, आणि त्याच्या पुढचा. उरलेल्या पट्ट्याही तशाच मोजल्या.

बाबा बाहेर व्हरांड्यात बसले होते. टब कुणीतरी बाहेर काढून ठेवला होता. तो त्यांनी उलटा केला होता आणि त्याच्यावरच ते बसले होते, बाजूला झाकण. अंगाखाली टब जराही हलत नव्हता.

ती शेजारी बसली. चिठ्ठ्या उघडून झाल्या होत्या.

"दिसले?" त्यांनी विचारलं.

"दिसले, बाबा. इतरांपेक्षा जास्त आहेत. उद्या मी तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे येते."

त्यांनी मान हलवली. त्यांना भीती वाटली होती, ते तिला स्पष्ट दिसलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"एकही सोडला नाहीस ना?"

"नाही."

"माझी आहे असं वाटूनही?"

"सगळ्याच तुमच्या वाटत होत्या," ती म्हणाली.

 बाबा टबाच्या पत्र्यावर बोट फिरवत, जसा एखादा सांधा तपासावा तसा तिचा चेहरा बघत म्हणाले, "गळत नाही कुठे. छान काम आहे."